ठाण्यातला कागद कोण लिहितो? पोलिसांवरचा खरा सिनेमा गल्लीत दाखवायचा तर

मी बेळगावच्या कोर्टाबाहेर टायपिंग करते. १९८८ साली मशीन घेऊन बसले, आता संगणक आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे कागद. ठाण्यातून सुटलेला माणूस पुष्कळदा वकिलाच्या आधी माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसतो, आणि त्याला काय झालं ते मी त्याच्या बोटांवरून, बसण्यावरून ओळखते. गेली चार वर्षं अनगोळला आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये मी दर दोन महिन्यांनी एक सिनेमा दाखवते. त्यातले निम्मे पोलिसांची मारहाण, कोठडी, लाच यांवरचे. खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची मंडळं विचारतात, अक्का, हे करायचं कसं, आधी कुठला लावायचा, लोक बसतात काय. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सिनेमा निवडताना मी एकच बघते. ठाण्यातल्या टेबलावर कोण काय लिहितंय?

खोट्या पोलिसी सिनेमात कुणी लिहीतच नाही. इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो, चौघांना उडवतो, टाळ्या पडतात. पकडलेल्या माणसाचं नाव कुठल्या वहीत गेलं, किती वाजता गेलं, घरी कुणी कळवलं, मॅजिस्ट्रेटसमोर कधी उभं केलं, यातलं काही दिसत नाही. खऱ्या सिनेमात वही असते, भिंतीवर घड्याळ असतं, वरून येणारा फोन असतो. मार असतोच, पण तो मार कागदावर कसा पुसून टाकला जातो तेही दिसतं. ही कसोटी लावली की भाषा कुठलीही असो, नट कुणीही असो, निवड सोपी होते.

ही कसोटी मला माझ्या धाकट्या भावामुळं सुचली. तो एकोणीस वर्षांचा असताना उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डरच्या हाताखाली होता. पितळ चोरीला गेलं आणि तिघा पोरांना उचललं. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही. दोन रात्री ठेवलं, घरी कळवलं नाही. आई भाकरी बांधून तीन ठाणी फिरली. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तळपाय सुजलेले होते आणि तोंडात एकच वाक्य होतं, "मी सही केलो अक्का, काय लिहिलंय ठाऊक नाही." कागद कन्नडमध्ये होता. त्याची शाळा मराठी. चोर पुढं दुसराच निघाला, पण भावाच्या सहीचा तो कागद आम्हाला कधी बघायला मिळाला नाही. त्यानंतर मी जिद्दीनं कन्नड वाचायला शिकले.

सुरुवात 'अर्ध सत्य'नं करा. १९८३ चा, गोविंद निहलानींचा. हिंदी असला तरी त्याची मुळं मराठीत आहेत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी, रामा शेट्टी म्हणून सदाशिव अमरापूरकर. आमच्याकडच्या वयस्क मंडळींना ही माणसं ओळखीची वाटतात, आणि तो ओळखीचेपणा पहिल्या सिनेमाला फार उपयोगी पडतो. जमलं तर आठवडाभर आधी वाचनालयातून 'सूर्य' मिळवा आणि कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.

दाखवताना दोन जागा लक्षात ठेवा. बसमध्ये बाईची छेड काढणाऱ्याला वेलणकर बडवतो, तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडतात. पडू द्या. फक्त ती टाळी लक्षात ठेवा. पुढं एक किरकोळ चोर कोठडीत त्याच वेलणकरच्या मारानं मरतो. सिनेमा संपल्यावर मी विचारते, पहिल्या माराला टाळी वाजवली, दुसऱ्याला का नाही? हात तोच, राग तोच. हा प्रश्न विचारला की आमच्या हॉलमध्ये एक मिनिटभर कुणी बोलत नाही, आणि मग सगळे एकदम बोलतात.

दुसरी जागा भ्रष्टाचाराची. लाच न खाणारा पोलीस मारहाण करत नाही, असं लोकांच्या मनात पक्कं असतं. वेलणकर लाच खात नाही. त्याला रामा शेट्टीला पकडायचं असतं आणि दर वेळी वरून हात आखडले जातात. ज्याला पकडायचं, तोच माणूस निवडणुकीला उभा राहतो. आणि कोठडीतल्या मृत्यूनंतर स्वतःला वाचवायला वेलणकरला जावं लागतं ते त्याच शेट्टीच्या दारात. पैशाची देवाणघेवाण न दाखवता भ्रष्टाचार इतका स्वच्छ दाखवलेला मी दुसरीकडं पाहिला नाही. आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार मामा त्या प्रसंगानंतर म्हणाले, "शिपायाला लाच लागत नाही गं. वरचा फोन आला की शिपाई तसाच विकला जातो." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

आता 'विसारणै'. वेट्रीमारनचा तमिळ सिनेमा, २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, पुढं भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. एम. चंद्रकुमार या कोइंबतूरच्या रिक्षावाल्यानं स्वतःच्या कोठडीवर पुस्तक लिहिलं, त्यावर तो उभा आहे. सीमाभागात एकच सिनेमा दाखवायची सोय असेल तर हा दाखवा, असं मी ठामपणे सांगते. पण पहिला म्हणून नको, तिसरा-चौथा म्हणून. मार सोसत नाही लोकांना. आमच्याकडं एक म्हातारी मावशी पंधराव्या मिनिटाला उठल्या, "मी भाईर बसतो गं, त्या पोराला मारूलालेत ते बघवत नाही." त्यांच्यासाठी बाहेर खुर्ची आणि कुणीतरी सोबतीला असावं, हे तेव्हापासून ठरून गेलं.

गोष्ट अशी. तमिळनाडूतून आंध्रात गुंटूरला पोट भरायला गेलेली चार पोरं, रात्री बागेत झोपणारी. एका मोठ्या घरी चोरी होते, पोलिसांवर वरून दबाव येतो, कुणीतरी चोर हवा असतो. ही पोरं परकी, गरीब, तेलुगू न समजणारी. कबूल करा म्हणून मारतात, आणि काय कबूल करायचं तेच त्यांना धड कळत नाही. माझा भाऊ त्या दिवशी प्रोजेक्टरपाशी होता. आमचा प्रोजेक्टर तोच लावतो. कोर्टाचा प्रसंग येतो, तिथं दुसऱ्या कामासाठी आलेला एक तमिळ पोलीस दुभाषा होतो, पोरांचं म्हणणं न्यायाधीशांना सांगतो आणि पोरं सुटतात. भावानं कुणाला न विचारता तो प्रसंग मागं नेला आणि पुन्हा लावला. हॉलमध्ये कुणी काही म्हणालं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

पण सिनेमा तिथं संपत नाही. आपली भाषा बोलणारा तोच पोलीस पोरांना आपल्या कामाला जुंपतो. त्या कामात पक्षांचा काळा पैसा सांभाळणारा एक ऑडिटर कोठडीत मरतो. ती भूमिका आपल्या कर्नाटकच्या किशोरनं केली आहे. मग साक्षीदार नकोत म्हणून या पोरांचं काय होतं ते तुम्हीच बघा. चर्चा इथं धरा. आमच्याकडं घरोघरी एक वाक्य असतं, "ठाण्यात आपला मराठी साहेब असता तर असं झालं नसतं." मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत होते. भाषा कळणारा माणूस आपलं ऐकून घेऊ शकतो, एवढं खरं. पण तो आपल्याला वाचवेलच असं नाही, आणि या सिनेमानंतर गल्लीतल्या पोरांनी ते वाक्य तपासून बघायला सुरुवात केली.

मग उलटा प्रश्नही विचारा. विजापूर, बागलकोटकडची कन्नड माणसं कोल्हापूर-इचलकरंजीला कामाला जातात. तिथं ठाण्यात त्यांच्यापुढं मराठी कागद सरकवला तर? आणि आज उद्यमबागेत बिहार, झारखंडची पोरं आहेत, त्यांना ना कन्नड येतं ना मराठी. हा प्रश्न टाळला तर सिनेमा दाखवायचा त्रास घेऊ नये, इतकं माझं त्याबद्दल स्पष्ट मत आहे.

भाषेची अडचण कशी सोडवायची, ते सांगते. सबटायटल इंग्रजी असतात, आमच्याकडच्या साठ वर्षं ओलांडलेल्या बायकांना ती वाचता येत नाहीत. मी 'विसारणै' घरी दोनदा बघून शंभर पानी वहीत चौदा पानं मराठी संवाद काढले. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सिनेमा थांबवायचा, पुढच्या तुकड्यात काय बोलणं आहे ते दोन मिनिटांत सांगायचं, मग पुढं. चालू सिनेमावर वाचत बसू नका, माणसांचे आवाज बुडतात, आणि या सिनेमात आवाजच महत्त्वाचा. कोण तमिळ बोलतंय, कोण तेलुगू, हे प्रत्येक वेळी सांगा. सगळं एकाच भाषेत आणलं की त्यातली जीवघेणी गोष्टच निघून जाते.

'जय भीम' २०२१ चा, ज्ञानवेल यांचा. त्यातला वकील म्हणजे पुढं मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले के. चंद्रू, १९९३ च्या खऱ्या खटल्यावर आधारलेली गोष्ट. पोलीस म्हणतात कोठडीतले आरोपी पळाले. त्यातल्या एकाची बायको, तीही पोटुशी, म्हणते नवरा कुठं आहे ते दाखवा. तिचा वकील हेबियस कॉर्पसचा अर्ज करतो, म्हणजे माणूस कोर्टापुढं हजर करा असं सरकारला सांगायचं. हा अर्ज काय असतो ते मी बायकांना तासभर समजावलं असतं तरी कळलं नसतं, सिनेमानं अर्ध्या तासात कळलं. पोलिसांनी रचलेली कहाणी एकेका नोंदीनं कशी सुटत जाते ते सावकाश बघा. खऱ्या घटनेतली जमात आणि सिनेमातली जमात वेगळी आहे, त्यावर आक्षेपही घेतले गेले. दाखवण्याआधी हे सांगून टाकावं.

त्यात एक थप्पड आहे. प्रकाश राज यांचा चांगला पोलीस अधिकारी हिंदीत बोलू लागलेल्या एका माणसाच्या कानाखाली देतो आणि तमिळमध्ये बोल म्हणतो. हिंदी आवृत्तीत ते वाक्यच बदललं आहे, त्यामुळं हिंदी डब लावला तर हा प्रसंग हातातून जातो. आम्ही तमिळच लावला. थपडेला दोन-तीन पोरं हसली. मी सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि विचारलं, हीच थप्पड खडेबाजारात तुला बसली, कन्नडमध्ये बोल म्हणून, तर? पोरांची मान खाली गेली. मला त्यांना लाजवायचं नव्हतं. पण सिनेमा चांगला असला तरी त्यातला प्रत्येक मार चांगला ठरत नाही, हे तिथंच, त्या क्षणी बोलायला हवं होतं, घरी गेल्यावर नाही.

बाकीचे थोडक्यात. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', २०१४ चा, यात मारहाण दिसत नाही, पण पोलिसांचा नेहमीचा ठरलेला साक्षीदार कसा असतो ते दिसतं. पंच म्हणून सही करायला बोलावलेल्या प्रत्येकानं तो बघावा. त्यातच सरकारी वकीलबाई कुटुंबाला घेऊन परप्रांतीयांची टर उडवणारं मराठी नाटक बघायला जातात. तिथं आपलं प्रेक्षागृह हसतं, ते आपण कर्नाटकात राहून बघताना पोटात गोळा येतो. मंसोरे यांचा कन्नड '१९.२०.२१' हा २०२३ चा सिनेमा कन्नड शेजाऱ्यांसोबत बघा. मंगळूरकडच्या एका आदिवासी विद्यार्थ्याला नक्षलवादी ठरवून २०१२ मध्ये पकडलं, २०२१ मध्ये तो निर्दोष सुटला, त्या घटनेवर तो आहे. नावातले आकडे राज्यघटनेच्या कलमांचे. आमच्या शेजारच्या कन्नड शिक्षिकाबाईंनी त्या दिवशी सगळं मराठीत सांगितलं, आणि गल्लीत अशी संध्याकाळ मी आधी पाहिली नव्हती. संध्या सुरी यांचा 'संतोष' मात्र दाखवता येणार नाही. २०२५ मध्ये सेन्सॉरनं सांगितलेल्या कापाकापीमुळं तो आपल्याकडं थिएटरात आलाच नाही.

कुणीतरी म्हणेल, हे जुनं झालं, आता असं होत नाही. त्यांना २०१७ ची सांगलीची घटना आठवून द्या. कोठडीत मेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं तपासात निघालं आणि पोलिसांनाच अटक झाली. आंबोली आपल्याला काही लांब नाही, दर पावसाळ्यात आपण धबधब्याला जातो.

आता तयारी. परवानगी आधी घ्या. ओटीटीचं खातं घरी बघण्यासाठी असतं, हॉलमध्ये फुकट दाखवायचं तरी हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची लेखी संमती लागते. सिनेमाच्या सुरुवातीला निर्मात्या कंपनीचं नाव असतं, त्यांना साधा ईमेल करा, मंडळाचं नाव, तारीख, तिकीट नाही असं लिहा. उत्तराचा कागद फाइलला लावा. परवानगी नाही आली तर आम्ही हॉलमध्ये लावत नाही. ज्यानं त्यानं घरी बघायचा आणि रविवारी हॉलमध्ये नुसतं बोलायला जमायचं. तेही चांगलं होतं.

वेळ संध्याकाळी साडेपाचची ठेवा, म्हणजे बायकांना रात्रीच्या भाकरीला जाता येतं. मधे चहा-चिरमुरे, पण कोठडीच्या प्रसंगानंतर लगेच नको, घास उतरत नाही. लहान मुलं नकोत. प्रमाणपत्र बघून घ्या आणि त्याहून कडक वागा.

गल्लीतल्या पोलिसांच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण द्या. आमच्याकडं एका शिपायाची बायको येते. नवरा सलग ड्युटी करून येतो, सणाला घरी नसतो, साहेबाच्या शिव्या खातो, हे ती सांगते आणि तेही ऐकायला हवं. तिच्यासमोर कुणी तिच्या नवऱ्याबद्दल टोमणा मारला तर मी त्याला त्या दिवसापुरतं बाहेर पाठवते.

ज्यानं मार खाल्ला आहे, त्याला 'तू सांग की' असं कधीच म्हणू नका. १९८६ च्या सीमा आंदोलनातल्या गोळीबाराच्या वेळी जे हिंडलग्याला होते, २०१४ च्या जुलैत येळ्ळूरला ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, असे लोक आपल्या हॉलमध्ये बसलेले असतात. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. आणि सिनेमाची सभा सीमाप्रश्नाची सभा करू नका. त्या सभेला मीही जाते. पण इथं घोषणा सुरू झाल्या की कागदावरचं लक्ष उडतं, आणि कन्नड शेजारी पुढच्या वेळी येत नाहीत.

सिनेमा संपला की प्रत्येकाच्या हातात एक पान द्या. मी टाइप केलेलं पान असं आहे. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच हवं, हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सांगितलं की अटकेचा कागद तिथंच व्हावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, साक्षीदाराची सही असावी, घरच्यांना कळवावं, कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी व्हावी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते. तक्रारीवर, अटकेच्या कागदावर, महजरवर म्हणजे पंचनाम्यावर सही असते, जबाबावर नाही. माझ्या भावाला हे कुणी सांगितलं नव्हतं, मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्या भागापुरता अपवाद. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा असा आदेश २०२० च्या डिसेंबरचा आहे, म्हणून मारहाण झाली असेल तर फुटेज जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं फुकट मिळतो. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले, या गोष्टी बदलल्या नाहीत.

पानाच्या मागच्या बाजूला कन्नड शब्द छापते. डावीकडं कन्नड अक्षरं, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडं मराठी अर्थ. हेळिके म्हणजे जबाब. दूरु म्हणजे तक्रार. बंधन म्हणजे अटक. साक्षी म्हणजे साक्षीदार. महजर म्हणजे पंचनामा. समय म्हणजे वेळ. दिनांक, आरोपी, ठाणे आणि सही हे चार शब्द दोन्हीकडं सारखेच. शेजारच्या शिक्षिकाबाई सिनेमाच्या पुढच्या रविवारी सकाळी तासभर ही अक्षरं गिरवून घेतात. पहिल्या वेळी सहा बायका आल्या होत्या, आता पोरंही येतात. पाटी नको, वही आणा. आणि आधी हेळिके हा शब्द घ्या, तो कागदाच्या अगदी वरच्या ओळीत असतो.